पोटखराब जमिनीवरचा हत्ती

बसमध्ये असाल, लोकलमध्ये लटकत असाल किंवा भांडी घासताना फोन ओट्यावर ठेवून ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे एपिसोडचा लिखित भाग.

वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? किल्ला, लेणी, देऊळ, वाडा. म्हणजे उभं काहीतरी. लांबून दिसतं, पुढ्यात उभं राहून सेल्फी काढता येतो. आज मी ज्या वारशाबद्दल बोलणार आहे तो आडवा आहे. तुम्ही त्याच्यावरून चालत जाल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. कोकणातली कातळशिल्पं.

थोडी ओळख करून देतो. रत्नागिरी, राजापूर, लांजा या बाजूला घाटीने वर चढलात की सपाट, उघडा, काळपट-तांबडा माळ लागतो. याला आमच्याकडे ‘सडा’ म्हणतात. झाड नाही, माती नाही, नुसता जांभा दगड. मे महिन्यात त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा! पावसाळ्यात मात्र त्याच सड्यावर गवत, रानफुलं, डबकी आणि बेडूक. या सड्यांवर कुणीतरी, कधीतरी, दगड कोरून चित्रं काढली. हत्ती, वाघ, गेंडा, मासे, कासवं, पक्षी, माणसं आणि काही अशा भौमितिक आकृत्या की त्यांचा अर्थ आजही कुणाला नीट लागलेला नाही.

आणि ही चित्रं लहान नाहीत. राजापूर तालुक्यात काशेळी नावाचं गाव आहे. कनकादित्याच्या देवळामुळे अनेकांना माहीत असेल. तिथल्या सड्यावर एक हत्ती आहे, साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. दोन बॅडमिंटन कोर्ट शेजारी शेजारी मांडली तरी हत्ती बाहेर उरेल. आणि त्या हत्तीच्या रेषेच्या आत पुन्हा कितीतरी छोटी चित्रं. जमिनीवर उभं राहिलात तर हत्ती दिसतच नाही, नुसत्या खोबणी दिसतात. तो अख्खा बघायचा तर वरून बघावा लागतो. ज्यांनी काढला त्यांच्याकडे ड्रोन नव्हता, एवढं नक्की.

किती जुनी? इथे जरा सांभाळून बोलतो, कारण व्हॉट्सॲपवर या विषयावर वाट्टेल ते आकडे फिरतात. लाकूड, कोळसा, हाडं यांचं वय कार्बनवरून काढता येतं. दगडावरच्या खोबणीत कार्बन नसतो. खोबणीत नंतर येऊन पडलेली माती तपासली तर मातीचं वय कळेल, चित्राचं नाही. त्यामुळे अभ्यासक आडवळणाने जातात. चित्रांत शिकारीचे प्राणी आहेत, समुद्रातले जीव आहेत, पण शेतीचा मागमूस नाही. शिवाय गेंड्यासारखा प्राणी आहे, जो आज कोकणात कुठेही नाही. सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेत राज्य पुरातत्त्व विभागाने उत्खनन केलं, तिथे दगडी हत्यारं सापडली. या सगळ्यावरून राज्य पुरातत्त्व विभागाचे तेव्हाचे संचालक तेजस गर्गे आणि इतर अभ्यासकांनी अंदाज मांडला, की यातली बरीच चित्रं शेती सुरू होण्याच्या आधीची, म्हणजे साधारण दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची असावीत. अंदाज आहे, पक्की तारीख नाही. पण अंदाज निम्म्याने चुकला असं धरलं तरी शिवरायांच्या किल्ल्यांच्या आधी, अजिंठ्याच्या आधी, आपण ज्याला महाराष्ट्राचा इतिहास म्हणतो त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

आता प्रश्न असा, की इतकी मोठी गोष्ट इतकी वर्षं कुणाला माहीत कशी नव्हती?

खरं सांगायचं तर माहीत होती. आपल्याला माहीत नव्हती, एवढंच. सड्यावर गुरं चारायला नेणाऱ्यांना माहीत होती. काही ठिकाणी ‘पांडवांनी एका रात्रीत काढली’ अशी गोष्ट होती. मालवण तालुक्यात कुडोपी गावात जिथे चित्रं आहेत त्या जागेचं गावातलं नावच मुळी ‘बाहुल्यांचं टेंब’. बाहुल्या म्हणजे दगडातल्या आकृत्या, टेंब म्हणजे उंचवटा. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळच कोरलेला मोठा चौकोनी पट आहे. गोव्यात कुशावती नदीच्या काठी फणसायमळला नदीकाठच्या कातळावर बैल, हरणं आणि एक सुंदर चक्रव्यूह कोरलेला आहे. १९९३ साली पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे पोचली ती गावकऱ्यांनी सांगितलं म्हणून.

महाराष्ट्रातही तसंच झालं. सतीश लळीत यांनी सिंधुदुर्गात हिवाळे इथली चित्रं २००१ मध्ये उजेडात आणली. पुढे रत्नागिरीत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव हिंडून पद्धतशीर शोध सुरू केला. यातले रिसबूड पेशाने इंजिनियर आहेत, हे मला उगाचच भारी वाटतं. या मंडळींची शोधपद्धत काय होती? उपग्रह नाही, रडार नाही. गावात जायचं, जुन्या माणसांना विचारायचं, गुराख्याला बरोबर घ्यायचं आणि सडा तुडवायचा. शाळांमधून मुलांना सांगायचं, की तुमच्या सड्यावर असं काही दिसलं तर कळवा. अशी एकेक करत हजाराहून जास्त चित्रं नोंदली गेली.

२०२२ मध्ये यातल्या ९ जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेल्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या ७: उक्षी, जांभरूण, काशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. सिंधुदुर्गातली कुडोपी आणि गोव्यातली फणसायमळ. तात्पुरती यादी म्हणजे काय, तर ‘आम्ही पुढे कधीतरी या जागेसाठी अर्ज करू’ असं देशाने युनेस्कोला सांगून ठेवणं. तेवढ्याने जागा वाचत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘युनेस्कोत गेलं म्हणजे सुरक्षित झालं’ असं अनेकांना वाटतं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

ही चित्रं इतकी हजार वर्षं टिकली, याचं श्रेय कुणाला? माझ्या मते सातबाऱ्यावरच्या एका शब्दाला: पोटखराब.

ज्यांनी कधी सातबारा बघितला नाही त्यांच्यासाठी: त्यावर तुमच्या जमिनीचं क्षेत्र लिहिलेलं असतं. त्यात लागवडीयोग्य किती आणि लागवडीला अयोग्य किती, अशी विभागणी असते. खडक, नाले, असली जमीन ‘पोटखराब’ या रकान्यात जाते. कोकणातले सड्याचे कितीतरी तुकडे याच रकान्यात आहेत. म्हणजे कागदोपत्री निरुपयोगी. जिथे काही पिकत नाही, तिथे नांगर जात नाही. नांगर जात नाही म्हणून खोबणी राहिल्या. घर बांधायला कुणी सड्यावर जात नव्हतं, कारण पाणी खाली. म्हणजे आपल्या पूर्वजांनी फार जाणीवपूर्वक हे जपलं, असं काही नाही. त्या जमिनीची कुणाला गरजच नव्हती. इतका साधा हिशोब.

आणि आता तो हिशोब बदललाय. गेल्या तीस-चाळीस वर्षांत सड्याला किंमत आली. तीन बाजूंनी आली.

पहिली बाजू: हापूस. तुम्हाला वाटेल, खडकावर आंबा कसा? तर कातळात सुरुंग लावून खड्डे पाडतात, खालून माती आणून भरतात आणि त्यात कलम लावतात. १९९० च्या सुमारास रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली गेली आणि कोकणात आंबा-काजूच्या बागा झपाट्याने वाढल्या. ओसाड सडे हिरवे झाले, लोकांच्या हातात पैसा आला. ही चांगलीच गोष्ट झाली. पण ज्या खड्ड्यात आज कलम उभं आहे तिथे आधी काय कोरलेलं होतं, याची नोंद कुठेच नाही.

दुसरी बाजू: चिरेखाण. जांभा हा अजब दगड आहे. जमिनीत असताना मऊ असतो, कापता येतो, आणि हवा लागली की घट्ट होत जातो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या ब्रिटिशाने मलबारात हे बघितलं आणि १८०७ च्या आपल्या पुस्तकात या दगडाला ‘लॅटेराइट’ असं नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. कोकणातलं जवळपास प्रत्येक जुनं घर, गडगा, विहीर याच दगडाची. पूर्वी चिरे हाताने काढायचे, आता मशीन आलं. रूळ टाकायचे, पातं फिरवायचं, सडा केकसारखा कापत न्यायचा. आणि कापायला सुरुवात कुठून होते? सगळ्यात वरच्या थरापासून. कातळशिल्पं तर फक्त त्याच थरात असतात, काही ठिकाणी जेमतेम बोटभर खोल. पहिल्याच दिवशी ती जातात, आणि त्यांचे चिरे कुणाच्यातरी भिंतीत बसतात.

तिसरी बाजू: रस्ते आणि प्रकल्प. मोठा, सलग, सपाट, माणसांची वस्ती नसलेला भूभाग. नकाशावर बोट ठेवणाऱ्याला याहून सोपी जागा कुठली? बारसूचं नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. आधी नाणारला होऊ घातलेली रिफायनरी २०१९ मध्ये रद्द झाली, मग बारसूची जागा पुढे आली. एप्रिल २०२३ मध्ये तिथे माती परीक्षण सुरू झालं तेव्हा गावकरी, त्यात बायका मोठ्या संख्येने, भर उन्हात सड्यावर बसल्या. आणि याच बारसूच्या सड्यावर आहे एक प्रसिद्ध कातळशिल्प: मधे माणूस, दोन्ही बाजूंना दोन वाघ. अशी रचना सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही दिसते, म्हणून जगभरच्या अभ्यासकांचं तिकडे लक्ष आहे.

रिफायनरी हवी की नको, हा वाद मी इथे काढत नाही. त्यात रोजगार आहे, पाणी आहे, मासेमारी आहे, आंबा आहे. तो वेगळा आणि मोठा विषय. पण त्या वादात एक वाक्य वारंवार ऐकू आलं: ‘कातळशिल्पांची जागा वगळू.’ म्हणजे चित्राभोवती कुंपण घालू, बाकी जमीन वापरू. याच्यावर जरा थांबू या.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे माझ्या डोक्यात उदाहरणं तिकडचीच येतात. एखाद्या फाइलमधलं एक फंक्शन तुम्ही उचलून नवीन फाइलमध्ये टाकलंत आणि जुनी फाइल उडवली, तर ते फंक्शन चालेल का? ते ज्या बाकीच्या गोष्टींवर अवलंबून होतं त्या उडाल्या की. कातळशिल्पाचंही तसंच. ते चित्र त्या जागी का काढलं, जवळ पाण्याची तळी होती म्हणून, तिथून समुद्र दिसतो म्हणून, की प्राण्यांची वाट तिथून जायची म्हणून? हे प्रश्न अजून सुटलेले नाहीत, आणि त्यांची उत्तरं चित्रात नाहीत, आजूबाजूच्या सड्यात आहेत. देवाचे गोठणेला एका माणसाची आकृती आहे. तिथे होकायंत्र ठेवलं की सुई भरकटते. जांभ्यात लोहाची खनिजं असतात, त्याच्याशी याचा संबंध असणार. पण काढणाऱ्यांनी ती जागा मुद्दाम निवडली की योगायोग? आजूबाजूचा कातळ तोडून टाकला तर हा प्रश्न विचारायची सोयही संपेल.

‘मग थ्रीडी स्कॅन करून ठेवा ना,’ असं माझे ऑफिसातले मित्र म्हणतात. जरूर करा. फोटोग्रामेट्री नावाची पद्धत आहे: एकाच आकृतीचे वेगवेगळ्या कोनांतून, एकमेकांवर चढणारे शेकडो फोटो काढायचे. सॉफ्टवेअर त्यातले समान बिंदू जुळवतं आणि मॉडेल तयार करतं. साध्या मोबाइलनेही बऱ्यापैकी होतं. पण बॅकअप कशासाठी असतो? मूळ गेलं तर निदान काहीतरी उरावं म्हणून. बॅकअप आहे म्हणून मूळ डिलीट करा, असं कुणी म्हणत नाही. आणखी दहा वर्षांनी दगडाच्या झिजेवरून वय काढायची एखादी नवी पद्धत आली, तर ती मॉडेलवर चालणार नाही, तिला दगडच लागेल.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, मग कायदा करा, सगळे सडे संरक्षित करून टाका. विषय संपला.

इथेच खरी गाठ आहे. आणि ती मला पुण्यात बसून कळली नव्हती. मी राजापूर तालुक्यातला. गावी आमचा सड्याचा एक तुकडा आहे, सातबाऱ्यावर ११ नावं. त्यातली गावात राहणारी दोन, बाकी आम्ही पुणे, ठाणे, डोंबिवली. दोन वर्षांपूर्वी चिरेखाणीसाठी विचारणा आली. घरच्या ग्रुपवर चर्चा सुरू झाली. मी लगेच लिहिलं, की आधी बघू या काही कोरलेलं आहे का. काकांचा फोन आला.

“आणि निघाला काही कोरलेला, तर काय करायचा?” काकांनी विचारलं.

“मग पुरातत्त्व खात्याला कळवू.”

“कळव. मग ते येऊन बोर्ड लावून जातील. उद्या मला विहीर पाडायची झाली, पडवी वाढवायची झाली, तर परवानगी कुणाची काढायची? तुझी?”

मला उत्तर देता आलं नाही. कारण काकांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. १९५८ च्या केंद्राच्या कायद्याखाली एखादी जागा राष्ट्रीय संरक्षित झाली, तर २०१० च्या दुरुस्तीनुसार तिच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी घेऊन. कागदावर हे योग्यच आहे, किल्ल्याला चिकटून टॉवर नकोच. पण ज्याची सगळी जमीनच दोनशे मीटरची आहे, त्याने काय करायचं? आता राज्याचा कायदा वेगळा, केंद्राचा वेगळा, कुठली जागा कशात येते हे वेगळं. गावातल्या माणसाला हे बारकावे माहीत नसतात. त्याला एकच कळतं: कळवलं की जमीन अडकते.

मग काय होतं? सड्यावर काही दिसलं तर कळवण्यापेक्षा गप्प राहणं परवडतं. त्याहून पुढे जाऊन, कुणी बघायच्या आत मशीन फिरवणं परवडतं. कायद्याचा हेतू वाचवायचा, पण भीतीमुळे उलटंच घडतं. हे मी कुणाला दोष देऊन बोलत नाहीये. काकांच्या घरावरची कौलं बदलायची होती, चुलतबहिणीच्या कॉलेजची फी होती. मला महिन्याच्या महिन्याला पगार येतो. त्यांनी सड्याचे पैसे सोडावेत, असं सांगायला मी कोण?

शेवटी आम्ही मे महिन्यात गेलो, संध्याकाळी ऊन कलल्यावर सगळा तुकडा पायाखाली घातला. संध्याकाळीच का, तर उन्हं तिरपी असली की खोबणीत सावली पडते आणि रेषा उठून दिसतात. दुपारी बारा वाजता हत्तीवर उभे राहिलात तरी हत्ती दिसणार नाही. आम्हाला काही सापडलं नाही. जुन्या तळीजवळचा भाग काकांनी खाणीतून बाहेर ठेवला, ‘गुरांना पाणी लागतं’ म्हणून. बाकीचा दिला. आज तिथे खड्डा आहे आणि घरावर नवी कौलं आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. ही चित्रं आजवर टिकली ती सड्याला किंमत नव्हती म्हणून. यापुढे टिकायची असतील तर सड्यावरचं चित्र जपण्याला किंमत यायला हवी, आणि ती किंमत ज्याच्या सातबाऱ्यावर ती जमीन आहे त्याच्यापर्यंत पोचायला हवी. जो कळवतो त्याचं नुकसान होता कामा नये. हे एक जमलं नाही, तर बाकी परिसंवाद, प्रदर्शनं आणि आपले पॉडकास्ट, सगळं खड्ड्याच्या काठावर उभं राहून केलेलं बोलणं.

आणि हे जमू शकतं. रत्नागिरीजवळचं उक्षी गाव बघा. तिथे सड्यावर एक मोठा हत्ती आहे. गावाने पुढाकार घेतला, लोकसहभागातून चित्राभोवती जांभ्याचीच भिंत उभी राहिली, बाहेरून बघायची सोय झाली. आता कुणी चुकून त्यावर गाडी घालत नाही, गुरं जात नाहीत. आणि तो हत्ती ‘आमच्या गावचा हत्ती’ झाला. हे ‘आमच्या गावचा’ फार महत्त्वाचं. रात्री दोन वाजता सड्यावर मशीन आलं, तर मुंबईतल्या खात्याला कळणार नाही. गावाला कळेल.

याच्यापुढची पायरी म्हणजे पैसा. बघायला येणाऱ्याकडून वाहनतळाचं, वाटाड्याचं शुल्क, ते ग्रामपंचायत आणि जमीनमालकात वाटून. गावातल्याच मुलामुलींना माहिती सांगायचं प्रशिक्षण. घरगुती जेवण, राहायची सोय. आंब्याच्या हंगामाबाहेर गावात चार पैसे येतील. चिरेखाणीइतके येतील का? एका वर्षात नाही. पण खाण एकदाच विकता येते, हत्ती दरवर्षी दाखवता येतो. शिवाय सड्यावर पडलेलं पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपत खालच्या झऱ्यांना जातं. सडा कापला की ते गणितही बदलतं, हा हिशोब तर कुठल्याच सातबाऱ्यावर नाही.

आता तुमचं-आमचं काम. आपले बरेच श्रोते चाकरमान्यांची पोरं आहेत, हे मला तुमच्या मेसेजवरून माहीत आहे. गणपतीला, शिमग्याला, मेमध्ये तुम्ही गावी जाता. तर हे एवढं करा.

एक: गावातल्या जुन्या माणसांना, खास करून गुरं राखणाऱ्यांना विचारा, ‘सड्यावर कुठे चित्रं आहेत का? बाहुल्या, पावलं, पांडवांचं काही?’ जागांची जुनी नावं लिहून घ्या. ‘बाहुल्यांचं टेंब’सारखं एक नाव नकाशापेक्षा जास्त सांगतं. ही माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. हा डेटा सर्व्हरवर नाही, त्यांच्या डोक्यात आहे.

दोन: सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. चप्पल बाजूला काढा. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी किंवा निदान पाण्याची बाटली ठेवा, म्हणजे आकार कळेल. खडूने किंवा चुन्याने रेषा रंगवू नका. फोटो छान येतो, पण अभ्यासकांच्या कामाची खोबणीतली माती आणि कडा खराब होतात. दगडाने खरवडणं तर अजिबात नाही.

तीन: लोकेशन लगेच रीलवर टाकू नका. जागा जपायची काही सोय नसताना तिथे गर्दी पाठवणं म्हणजे तिचं नुकसान करणं. सर्व्हे नंबर आणि जीपीएस नोंदवा. आधी जमीनमालकाशी बोला. पाहुण्यासारखं बोला, इन्स्पेक्टरसारखं नाही. मग ग्रामपंचायत आणि पुरातत्त्व विभागाचं रत्नागिरीतलं कार्यालय.

चार, आणि हे सगळ्यात कमी ग्लॅमरस: ग्रामसभा. १ मे ला गावोगाव ग्रामसभा होते, आणि त्याच वेळी आपण आंबे खायला गावात असतो. आंबे खा, पण एक तास जाऊन बसा. ‘आमच्या हद्दीतल्या सड्याची आधी पाहणी झाल्याशिवाय नव्या खाणीला ना-हरकत देऊ नये’ असा विषय मांडा. ठराव झाला तर उत्तम. झाला नाही तरी निदान गावाच्या कानावर पडेल, की आपल्याकडे असं काही असू शकतं.

कुणी विचारेल, दहा हजार वर्षांपूर्वीच्या एका हत्तीसाठी एवढी खटपट कशाला? माझं उत्तर साधं आहे. ज्या माणसांनी हे कोरलं त्यांची भाषा गेली, नावं गेली, देव गेले. त्यांनी मागे ठेवलेलं एवढंच एक पत्र आहे, आणि ते आपल्याला अजून वाचता आलेलं नाही. न वाचलेलं पत्र फाडून घराला चिरे लावायचे की नाही, हे ठरवणारी पहिली पिढी आपली आहे. आधीच्यांना ते माहीतच नव्हतं, आणि आपल्यानंतरच्यांपर्यंत बहुतेक सडे उरणार नाहीत.

तुमच्या गावच्या सड्याबद्दल काही कळलं, तर आम्हाला जरूर लिहा. जागेचा पत्ता देऊ नका, गोष्ट सांगा. पुढच्या एपिसोडमध्ये सड्यावरून खाली उतरू आणि कोकणातल्या जुन्या विहिरी आणि पाटाच्या पाण्याबद्दल बोलू. तोवर, पायाखाली बघून चाला. भेटू या!